अकरा नावं आणि बत्तीस मिनिटं: इंदूरच्या एका उन्हाळी महोत्सवातलं नव्या कवींचं प्रकरण

इंदूरला आमच्या भागातल्या एका मराठी मंडळाचा मे महिन्यात तीन संध्याकाळींचा महोत्सव असतो, खाण्याचे स्टॉल, लहान मुलांचे डान्स, शेवटच्या दिवशी ऑर्केस्ट्रा, असं सगळं. त्यात मागच्या वेळी पहिल्यांदाच पहिल्या संध्याकाळी 'स्पोकन वर्ड' असा स्लॉट ठेवला. पत्रिकेत अकरा नवे कवी छापले होते आणि त्यातले माइकपर्यंत पोचले चार. बाकीचे सात जण स्टेजच्या बाजूला नीट कपडे घालून, मोबाइलमध्ये कविता उघडून बसले होते, ते बसूनच राहिले. नंतर मंडळाच्या ग्रुपवर कारणं आली की पब्लिकला कविता नकोच असते, आजकालच्या पोरांना शिस्त नाही, आयपीएलची मॅच होती. मला यातलं एकही पटलेलं नाही. मी त्या दिवशी टाइमशीटच्या टेबलावर होते त्यामुळे माझ्याकडे मिनिटांचा हिशेब आहे, आणि प्रकरण समजून घ्यायचं तर तिथूनच घ्यावं लागतं.

आधी पोरं कोण ते सांगते. अठरा ते सत्तावीस वयाची, घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारी, शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी मीडियमची. विजय नगर, पलासियाकडच्या कॅफेंमध्ये ओपन माइक होतात तिथे यातले बरेच जण हिंदीत बोलून आलेले आणि मराठीत स्टेजवर पहिल्यांदाच. एक जण फूड डिलिव्हरी करतो, एक भंवरकुआंला कोचिंग करून राहिला आहे, एक सीएची आर्टिकलशिप करते, दोघी तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. स्पोकन वर्ड म्हणजे कागदावर वाचायला नाही तर तोंडाने बोलायला लिहिलेली कविता, त्यात अभिनय, थांबे, मधेच गोष्ट सांगणं, असा तो प्रकार. आपल्याकडे हे काही आकाशातून पडलेलं नाही, भारूड आणि पोवाडा बोलूनच उभे राहिले, आणि विंदा करंदीकर, वसंत बापट, मंगेश पाडगावकर हे तिघं गावोगाव कविता वाचत फिरायचे तेव्हा लोक तिकीट काढून ऐकायचे असं आमचे ज्येष्ठ लोकच अभिमानाने सांगतात. आणि इंदूरच्या पोरांची तर शाळाच वेगळी. उर्दू शायर राहत इंदौरी इथलेच, २०२० च्या ऑगस्टमध्ये गेले, आणि अर्धी ओळ म्हणून पब्लिककडे बघत थांबायचं कसं हे या पोरांनी त्यांचे मुशायरे मोबाइलवर बघून बघून शिकलेलं आहे. म्हणजे स्टेज त्यांना माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आता ती संध्याकाळ. पत्रिकेवर होतं: ७ ते ७:३० उद्घाटन, ७:३० ते ८:३० ज्येष्ठ कवी, ८:३० ते १० नवोदित कवी. नव्वद मिनिटं आणि अकरा जण, म्हणजे प्रत्येकी आठ मिनिटं, कागदावर अगदी ऐसपैस. प्रत्यक्षात मे महिन्यात इंदूरला सूर्य मावळतो सातच्या सुमारास आणि खुर्च्यांची लोखंडं तोवर हात लावू देत नाहीत, त्यामुळे लोक यायला लागले सव्वासातला आणि सुरू झालं ७:४० ला. मग दीपप्रज्वलन (वाऱ्याने ज्योत विझत होती, तीन काड्या गेल्या), स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे दोन शब्द, दुसऱ्या प्रायोजकांचेही दोन शब्द कारण पहिल्यांचे झाले होते ना, आणि एका माजी अध्यक्षांनी १९१७, १९३५ आणि २००१ ला साहित्य संमेलन इंदूरला झालं होतं तो इतिहास सांगितला. इतिहास खरा आहे आणि सांगितलाही छान, फक्त त्याला अकरा मिनिटं लागली. ज्येष्ठ कवी माइकवर आले तेव्हा घड्याळात ८:३५ झाले होते, म्हणजे पत्रिकेप्रमाणे पोरांची वेळ सुरू होऊन पाच मिनिटं झालेली.

ज्येष्ठ सहा होते. प्रत्येकाने सुरुवात "एकच छोटीशी कविता सादर करतो" अशी केली आणि एकच कोणीच म्हटली नाही. मी हे चिडून नाही लिहीत, वर्षातून एकदा माइक मिळतो त्या माणसाला दुसरी कविता आठवणारच. ९:२८ ला सूत्रसंचालकांनी जाहीर केलं, "आणि आता वळूया आपल्या तरुण पिढीकडे." तेव्हा राहिली होती बत्तीस मिनिटं.

पहिला मुलगा नऊ मिनिटं बोलला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की वेळ कमी झाला आहे, त्याच्याकडे पत्रिका होती आणि पत्रिकेप्रमाणे तो एकच मिनिट जास्त गेला. दुसरी सात, तिसरा सहा, चौथी पाच, आणि प्रत्येकाच्या आधी सूत्रसंचालकांचा परिचय, चारोळीसकट. चौथीची शेवटची ओळ संपता संपता साउंडवाल्याने सरळ आवाजाचा फेडर खाली केला. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा आहे, सांस्कृतिक कार्यक्रमाला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळू शकते पण ती राज्य सरकारने दिली असेल तर, आणि त्या तारखेला आम्हाला काही सूट नव्हती. साउंडवाल्याची काही चूक नाही, पुढच्या गल्लीत पोलीस चौकी आहे.

आता इथे थांबून बघा. उशीर झाला चाळीस मिनिटं, औपचारिक भाग अर्ध्या तासाऐवजी पंचावन्न मिनिटं, आणि ज्येष्ठांनी तर त्यांच्या साठातली त्रेपन्नच वापरली, म्हणजे तेच एकटे वेळेत होते, कितीही कविता म्हटल्या तरी. पण सगळी मिळून अठ्ठावन्न मिनिटं कमी पडली आणि ती सगळीच्या सगळी कापली गेली यादीतल्या शेवटच्या लोकांची. कार्यक्रमात जो शेवटी असतो तो सगळ्यांचा उशीर भरतो. आणि शेवटी कोण असणार हे वयाने ठरलेलं असतं, दर वर्षी, दर मंडळात. 'नवोदितांना संधी' असं पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापायचं आणि ती संधी पाण्याच्या लाइनीत शेवटच्या नळासारखी ठेवायची, मग नळाला पाणी आलं नाही तर म्हणायचं बादली लहान होती.

जे चार जण बोलले त्यांचंही ऐकू किती आलं हा वेगळा विषय. माइकला इको लावलेला होता. स्वागतगीतासाठी लावला, गाण्याला तो लागतो, मग काढायचा कोणाच्या लक्षातच आलं नाही. ज्येष्ठ मंडळी छंदात आणि संथ वाचतात त्यामुळे त्यांचं थोडंफार चालून गेलं. पण या पोरांची कविता पळते, मधेच कुजबुजते, मधेच ओरडते, तिथे एका शब्दाचं शेपूट दुसऱ्या शब्दावर पडायला लागलं की मागच्या चार रांगांना फक्त गोंगाट. त्यात वारा. रात्रीचा गार वारा ही माळव्याची खरी श्रीमंती, शब-ए-मालवा (माळव्याची रात्र) उगाच नाही म्हणत, पण उघड्या माइकवर तो फरफर वाजतो आणि फोमची टोपी पाऊणशे रुपयांची वस्तू आहे जी कोणी आणली नव्हती. शिवाय दोन मुलांनी माइक हातात घेऊन त्याची जाळी मुठीत धरली, रॅपर लोक धरतात तशी, आणि शिट्टी वाजली. पब्लिक हसलं. त्यातला तिसऱ्या नंबरवर बोललेला मुलगा त्या हसण्यानंतर एक पूर्ण कडवं विसरला, हे त्याने मला नंतर सांगितलं, ऐकताना कळलं नव्हतं.

स्टॉलही स्टेजच्या उजव्या हाताला होते, पन्ह्याच्या स्टॉलवरचा मिक्सर बरोब्बर थांब्यांमध्ये सुरू व्हायचा. आणि हो, मॅच होती, साडेसातला सुरू झालेली, लोक स्कोअर बघत होते. पण जे लोक स्कोअर बघत होते ते सत्काराच्या वेळी बघत होते, मी टेबलावरून बघत होते त्यांना.

दहानंतर काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. उरलेले सात आणि बोललेले चार, सगळे मिळून सराफ्याला गेले. तिथे दागिन्यांची दुकानं बंद झाली की ओट्यांवर खाण्याचा बाजार भरतो, तर भुट्ट्याच्या किसाच्या गाडीजवळ एका बंद शटरसमोर उभं राहून सातही जणांनी आपापल्या कविता एकमेकांना म्हणून दाखवल्या, माइक नाही काही नाही. कोणीतरी व्हिडिओ काढला. सिनेमात होतं तसं काही गर्दी वगैरे जमली नाही, पाच-सात लोक थांबले, एका कवितेपुरते थांबले, मग खायला गेले. एक माणूस हातातली कुल्फी विरघळली तरी उभा होता एवढं खरं. हा व्हिडिओ ग्रुपवर आला तेव्हा आमच्या सेक्रेटरी काकांनी खाली लिहिलं, "यांना परवा पुन्हा घेता येईल का?" एवढं एकच वाक्य. माझ्या मते सगळ्या प्रकरणात मंडळाकडून झालेली सगळ्यात चांगली गोष्ट ती हीच, कारण चौकशी समिती नेमणं आपल्याला फार सोपं जातं.

मधल्या दिवशी मीटिंग झाली. पंचेचाळीस मिनिटं मिळू शकत होती, तिसऱ्या संध्याकाळी ऑर्केस्ट्रावाले सामान लावतात ती. त्यात बसवायचं कसं यावर आमच्यात दोन वाद झाले.

एक वाद भाषेचा. एक काका म्हणाले, "मराठी मंडळाच्या स्टेजवर हिंदी ओळी नकोत, हिंदीला अख्खं शहर आहे." त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नाही नेणार, या शहरात मराठी टिकवणं म्हणजे काय हे त्यांनी चाळीस वर्षं केलेलं आहे. पण डिलिव्हरीवाल्या मुलाच्या कवितेत गेटवरचा गार्ड मराठीत कसा बोलेल? तो हिंदीतच बोलणार आणि जिन्यावर मनातल्या मनात शिव्या मराठीतच येणार, कविता त्या दोन्हींच्या मध्येच आहे. मुक्तिबोधांच्या घरात एक भाऊ गजानन माधव हिंदीचे एवढे मोठे कवी झाले आणि दुसरे शरच्चंद्र मराठीचे, घर एकच, आई-वडील एकच. हे मी मीटिंगमध्ये बोलले तर काका म्हणाले, "अगं पण त्यांनी एका कवितेत दोन्ही नाही ना घातलं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि शेवटी ठरलं की मजकूर कोणी तपासायचा नाही, तेवढ्यावर काकाही थांबले.

दुसरा वाद वेळेचा. इथे मी स्लॅमचा, म्हणजे स्टेजवर कविता बोलायच्या स्पर्धेचा, नियम मांडला. शिकागोमध्ये मार्क स्मिथ नावाचा बांधकाम मजूर-कवी, त्याला कवितावाचनं रटाळ वाटायची म्हणून त्याने १९८६ पासून ग्रीन मिल नावाच्या जॅझ क्लबमध्ये पोएट्री स्लॅम सुरू केला, आणि त्यातून जे नियम पुढे सगळीकडे चालले ते असे: तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सवलत, त्यानंतर दर दहा सेकंदांना अर्धा मार्क कापायचा. वाद्य नाही, कॉस्च्युम नाही, प्रॉप नाही. पब्लिकमधलेच पाच जज, शून्य ते दहा मार्क, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून मधले तीन धरायचे. यातलं मार्कांचं प्रकरण आम्ही सोडून दिलं. आमच्याकडे पब्लिकमधले पाच जज म्हणजे पाचही कोणाच्या ना कोणाच्या काकू-मामा, पुढचं वर्षभर लग्नकार्यात तोंडं फिरवून बसले असते. घड्याळ मात्र घेतलं. तीन मिनिटांत थांबे धरून तीनशे-साडेतीनशे शब्द होतात, पोरांना सांगितलं घरी मोठ्याने बोलून मोजा, डोळ्यांनी वाचून मोजू नका.

एक काका म्हणाले, "तीन मिनिटांत कविता होते का कुठे?" त्यांना सेक्रेटरी काकांनी उत्तर दिलं, "अहो, सात जणांची शून्य मिनिटांत झाली काल."

बाकीचं पटपट सांगते. ऑर्डर चिठ्ठ्या टाकून. सूत्रसंचालन नाही, बोलून झालेल्याने पुढच्याचं फक्त नाव घ्यायचं आणि उतरायचं. अडीच मिनिटं झाली की टेबलावरून मोबाइलचा टॉर्च, तीन झाली की टॉर्च हलवायचा. इको बंद, फोमची टोपी, माइक स्टँडवरच राहील, तोंडापासून चार बोटं लांब आणि जरासा तिरपा म्हणजे प, फ, भ फुटत नाहीत. एक छोटा स्पीकर कवीकडे तोंड करून, त्याला स्वतःचा आवाज येत नसेल तर तो ओरडायला लागतो. पन्ह्याच्या काकूंना जाऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग आधीच सांगायचं ना गं, मी करून ठेवलं असतं," आणि खरंच आधीच पन्ह्याचे जग भरून ठेवले. ऑर्केस्ट्राच्या ड्रमवाल्याला पण विनंती केली, त्याने मान हलवली आणि तरी दोनदा वाजवून बघितलंच.

तिसऱ्या संध्याकाळी सातातले सहा आले. सहा जणांचं सगळं चढणं-उतरणं धरून चोवीस मिनिटांत झालं.

सगळंच भारी होतं असं मी म्हणणार नाही. कोचिंगवाल्याची कविता अर्धी प्रेरणादायी भाषण होती, हॉस्टेलच्या खोलीतला कूलर आणि त्यातलं संपलेलं पाणी इथपर्यंत छान आणि मग एकदम 'उठ, लढ' वगैरे, टाळ्या त्यालाच जास्त पडल्या, पडू देत. पण सीएवाली मुलगी जे करून गेली ते मी कितीतरी वेळ विसरले नाही. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं आलेलं, आमच्याकडे कचरा सहा डब्यांत वेगळा करून द्यायचा असतो आणि सकाळी गाणं वाजवत गाडी येते, हे इथल्या प्रत्येकाच्या अंगात भिनलेलं आहे. तिने फक्त सहा डबे घेतले आणि घर वेगळं करायला सुरुवात केली. ओल्यात आईचं रडणं, सुक्यात बाबांचं 'बघू', ई-वेस्टमध्ये त्याचे न उघडलेले मेसेज. लोक हसत होते. मग ती घातक कचऱ्याच्या डब्यावर आली, हातात लग्नाचा बायोडाटा धरल्यासारखा केला आणि पाच-सहा सेकंद बोललीच नाही, आणि कचरागाडीवाल्या भैयाला म्हणतात तसं म्हणाली, "भिया, हे कोणत्या डब्यात? गाडी निघून राहिली आहे." उतरली. दोन मिनिटं पन्नास सेकंद. पहिल्या रात्रीच्या इकोमध्ये हे झालं असतं तर ती शांतता कोणाला कळलीच नसती, लोकांना वाटलं असतं माइक गेला.

एकवीस मिनिटं शिल्लक होती. तेव्हा जे झालं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. ज्येष्ठांपैकी एक, पंच्याहत्तरीच्या पुढचे, पहिल्या रात्री तीन कविता वाचून गेलेले, ते टेबलाशी आले आणि मला म्हणाले, "बाळ, मला पण लाव तुझा तो टॉर्च." वर गेले, चष्मा खिशात ठेवला, कागद नाही, गिरणी बंद पडली त्या वर्षीची एक कविता तोंडपाठ म्हटली. हुकुमचंद मिल बंद झाल्याचं दुःख ज्या घरांनी भोगलं त्यातली दोन-तीन घरं तरी समोर बसली होती. टॉर्च लागायच्या थोडं आधीच थांबले. परवा याच माणसाच्या वेळी लोक पन्हं आणायला उठत होते, हे मी स्वतः पाहिलं होतं. म्हणून 'तरुण विरुद्ध ज्येष्ठ' हे मला आता अजिबात मान्य नाही, घड्याळ लावल्यावर सगळ्यात जास्त फायदा त्या आजोबांचाच झाला. त्यांच्या मागून पोरांपैकी दोघांनी अजून एकेक केली आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना स्टेज वेळेच्या आधी मिळालं, असं म्हणे आधी कधी झालं नव्हतं.

सातवी मुलगी आली नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षातली. पहिल्या रात्री तिची आजी व्हीलचेअरवर आली होती, सातपासून दहापर्यंत बसली. मी फोन केला तर तिने नीट बोलून घेतलं, राग वगैरे नाही, म्हणाली, "ताई, आजीला पुन्हा नाही आणता येणार, आणि ती कविता तिच्यासमोरच म्हणायची होती." यावर चिठ्ठ्या, टॉर्च, टोपी कशाचाच उपाय नाही. मंडळाचा कोणी माणूस तिच्या घरी जाऊन आला का, तर नाही.

पुढच्या वर्षीचं बोलायचं तर नवे कवी पहिल्या संध्याकाळी ७:४५ ला, सत्कार त्यांच्यानंतर, एवढं मीटिंगच्या इतिवृत्तात लिहून झालंय. सत्कार नंतर ठेवला की आपोआप छोटा होतो कारण मागून जेवण असतं. ज्येष्ठ आणि नवे एकाच चिठ्ठीच्या डब्यात, सगळ्यांना तीनच मिनिटं, यावर सहापैकी चार ज्येष्ठ तयार आहेत, दोघांनी अजून कळवलेलं नाही. व्हिडिओ टाकायच्या आधी कवीला विचारायचं हेही ठरलं, कारण बायोडाटावाली क्लिप तिला न विचारता कोणीतरी फॉरवर्ड केली आणि ती जायची तिथे, म्हणजे मुलाकडच्यांकडे, गेली.

अडलंय ते मानधनावर. साउंडवाल्याला पैसे, ऑर्केस्ट्राला पैसे, मंडपवाल्याला ॲडव्हान्स, आणि कवीला नारळ आणि पुष्पगुच्छ. मी प्रत्येकी पाचशे रुपये आणि जाण्या-येण्याचं रिक्षाभाडं सुचवलं, नव्यांना आणि ज्येष्ठांना सारखंच. खजिनदारांचं म्हणणं, "कवीला पैसे दिले तर उद्या डान्सवाल्या मुलांचे पालकही मागतील." डिलिव्हरीवाल्या मुलाने त्या दोन्ही संध्याकाळी ॲप बंद ठेवलं होतं, त्याचं जे बुडालं ते पाचशेपेक्षा जास्त होतं, हे मी खजिनदारांना सांगितलंय. पुढची मीटिंग गणपतीनंतर आहे.